बायको गेली तर पूर्ण, नवरा गेला तर तीस टक्के

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला निवृत्तिवेतनाच्या बोजावरचा लेख वाचला. आमच्याकडे अंक दहाच्या एसटीने येतो, त्यामुळे राग यायलाही दुपार झाली. लेखकमहाशयांनी सरकारी तिजोरीची काळजी अगदी पोटतिडकीने वाहिली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. फक्त माणूस गेल्यावरही सरकार त्याच्या घरच्यांना पोसतच राहतं, असा जो सूर त्यांनी जाता जाता लावला आहे, त्यावर मी एका सरकारी पेन्शनरची विधवा, म्हणजे पोसली जाणारी म्हणून चार शब्द लिहिते.

शेवटचं मूळ वेतन ४०,००० धरा. निवृत्त झालेल्याला त्याचे ५० टक्के, म्हणजे २०,०००. तो गेला की बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००, आणि महागाई वाढ मिळते तीही त्या बारा हजारांवरच. आता उलट बघा. बायको आधी गेली तर त्याच्या वीस हजारांतला एक रुपया कमी होत नाही. दोन्ही वेळी घरात उरतं एकच माणूस. मग एकाला वीस लागतात आणि दुसरीचं बारात भागतं, हे कोणी ठरवलं? नियमात बाई-पुरुष असा भेद नाही हे मला ठाऊक आहे. नोकरीतली बायको गेली तर नवऱ्यालाही हाच दर. पण आमच्या वाडीत एक फेरी मारा आणि कुठच्या घरात मागे कोण उरलंय ते बघा. कर्मचारी लवकर गेला तर सुरुवातीची काही वर्षं वाढीव दर मिळतो, हेही खरं. सत्तरी ओलांडून गेलेल्याच्या बायकोला त्याचा काय उपयोग? अंशराशीकरणाची, म्हणजे नवऱ्याने पेन्शनीचा काही भाग एकरकमी आधीच उचलला त्याची कपात आमच्या माथी मारत नाहीत, तेवढे सरकारचे उपकार. केंद्राने एप्रिल २०२५ पासून नवी एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली, तिच्यातही जोडीदाराला निवृत्तिवेतनाच्या ६० टक्केच. वीस हजारांचे ६० टक्के किती होतात ते लेखकमहाशयांनीच करून बघावं.

बरं, ते बारा तरी सुखाने मिळतात का? हे आषाढात गेले. मृत्यूचा दाखला हातात पडेपर्यंत पुढची पेन्शन खात्यात जमा झाली होती. मीच बँकेत जाऊन सांगितलं. जास्तीची रक्कम त्यांनी त्याच आठवड्यात वळती करून घेतली. नियमच आहे, तक्रार नाही. मृत्यूच्या दिवसापर्यंत निवृत्तिवेतन आणि दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तिवेतन, हासुद्धा नियमच आहे ना? पहिला आठवड्यात पाळला, दुसरा पाळायला शिमगा उजाडला.

कारण काय, तर माझं नाव. ह्यांच्या सेवापुस्तकात आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, माझं सासरचं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. आधार कार्डावर शाळेच्या दाखल्यावरचं, माहेरचं. खिडकीतल्या मुलाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, “मावशी, यातल्या तुम्ही कुठच्या?” पीपीओवर आमचा जोडीने काढलेला फोटो आहे, त्यावर मी बोट ठेवलं. फोटो फार जुना आहे म्हणे. उद्या ही दुसरी बाई हक्क सांगायला आली तर? म्हणजे सत्तरीला टेकल्यावर माझी सवत मीच! मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, दोन साक्षीदार. ह्यांची शेवटची बदली घाटावर झालेली, त्यामुळे फाईल तिकडे. फोन केला की साहेब दौऱ्यावर. तोवर घर चाललं ते नारळ विकून आणि धाकट्या दिरांच्या जिवावर. आणि ऐन पावसात माडावर चढायला माणूस मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको. कोकणात किती बायकांची लग्नात नावं बदललेली आहेत! नवरा निवृत्त होतानाच बायकोचं आधार कार्ड मागून घेतलं आणि पीपीओवर नाव जुळवून दिलं, तर सरकारचं काय जातं? तेव्हा सांगणारा माणूस जिवंत असतो.

माझं निदान मूळ वेतनावर तरी आहे. शेजारीण एसटी कंडक्टरची बायको. तिला ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून मिळतं ते नवऱ्याच्या पेन्शनीच्या निम्मं. या योजनेतली १,००० रुपयांची किमान रक्कम २०१४ पासून तीच आहे. हजार रुपयांत महिन्याचा गॅस आणि वीजबिल तरी भागतं का, हे तिजोरीची चिंता करणाऱ्यांनी एकदा बाजारात विचारावं. वर दरवर्षी हयातीचा दाखला आहेच. उभा जन्म ओले काजू सोलून तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात, यंत्रावर ठसा उमटत नाही. आता चेहरा दाखवूनही दाखला होतो, पण त्यासाठी चांगला फोन हवा आणि सड्यावर जाऊन रेंज शोधायला हवी. मुलगा सांगतो, नव्या करप्रणालीत पेन्शनरला ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे आणि कुटुंब निवृत्तिवेतनाला जास्तीत जास्त २५,०००. कर भरण्याइतकं आम्हाला मिळतच नाही म्हणून ते सोडून देते.

लेखकमहाशयांना एवढंच विचारायचं आहे, की दर ३० चा ५० करा म्हटलं तर बोजा होतो. मग शिमग्यापर्यंत माझे पैसे सरकारकडे बिनव्याजी पडून होते, तो बोजा कोणी वाहिला? थकबाकी मिळाली, व्याजाचं नाव कोणी काढलं नाही.

आणि लिहायला बसलेच आहे तर हेही. अंकावर ‘कोकण आवृत्ती’ असं छापता आणि पहिल्या पानावर उसाचा दर असतो. आमच्याकडे ऊस गणपतीपुढे ठेवण्यापुरता. एसटीचं बदललेलं वेळापत्रक मात्र शेवटच्या पानावर, तेही भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात. ते जरा मोठं छापा.

आपली,
एक वाचक, ता. दापोली
(नाव छापू नये)