पावतीवरचे दोन शब्द

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चौपट मोबदला मिळत असताना पुरंदरच्या शेतकऱ्यांनी विमानतळ अडवून बसणे म्हणजे भाव वाढवून घेण्याचा धंदा आहे, असे गेल्या आठवड्यात एका वाचकाने आपल्या अंकात लिहिले होते. ते पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा आठवले की नोकरीत असताना चहाच्या टपरीवर मीही असेच बोलत असे.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षे भूसंपादन शाखेत गेली. तेव्हा १८९४ चा कायदा होता. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ११ चा निवाडा आणि जमीन सक्तीने घेतली म्हणून वर ३० टक्के दिलासा रक्कम. कार्बन घालून किती निवाडे टाइप केले त्याची गणती नाही. थोरली बहीण, आमची आक्का, विमानतळात जाणाऱ्या सात गावांपैकी एका गावात दिली आहे. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. यांतले कोणते ते लिहीत नाही, गावे लहान आहेत.

आधी त्या 'चौपट'चा हिशेब. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागातल्या जमिनीच्या बाजारभावाला जास्तीत जास्त दोनचा गुणांक लागतो. त्यात झाडे, विहीर, घर यांची किंमत मिळवायची आणि होणाऱ्या बेरजेवर शंभर टक्के दिलासा. म्हणून चौपट. पण कशाच्या चौपट? रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला, दर आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतून निघणारा दर, यांत जो जास्त तो बाजारभाव. खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी धरतात, एवढी सवलत कायद्यानेच दिली आहे. आता खरेदीखतात खरा आकडा कोण लिहितो? कागदावर रेडी रेकनरचा दर, बाकीचे पिशवीत. मुद्रांक शुल्क वाचवले म्हणून आपणच एकमेकांना टाळी देतो. मीही २००३ साली सासवडजवळ पाऊण एकर असेच घेतले. सरकार कमी भाव देते, हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आम्हीच दुय्यम निबंधकासमोर सही करून लिहून दिलेले असते.

त्याच पाऊण एकरातले काही गुंठे पुढे एका रस्त्याच्या रुंदीकरणात गेले. कोणता रस्ता, कोणते कार्यालय हे इथे महत्त्वाचे नाही. संयुक्त मोजणीला, म्हणजे जाणारी जमीन, झाडे, विहीर यांची नोंद करायला, पथक आले त्या दिवशी मी भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो. शेतावर मुलगा होता. दुपारचे ऊन, भूमापक घाईत, मुलगाही घाईत. अंजिराची सेहेचाळीस झाडे होती, कागदावर अडतीस आली. आठ झाडे दोन वर्षांची, म्हणून सोडली. विहीर लिहिली, पण विहिरीपासून खालच्या तुकड्यापर्यंत जमिनीखालून नेलेली पाइपलाइन लिहिली नाही, कारण ती दिसत नव्हती. मुलाने सही केली. संध्याकाळी घरी येऊन मी विचारले, "कागदाची प्रत घेतलीस का?" तो म्हणाला, "कसली प्रत?"

तीस वर्षे ज्याने हेच कागद हाताळले, त्याच्या घरात हे झाले. सातबारा काढून पाहिला, तर पीकपाहणीत अंजीर म्हणून नोंदच नव्हती, नुसती बाजरी. ती नोंद लावून घ्यायला मला कोणी अडवले नव्हते. सुटलेल्या प्रत्येक झाडामागे नुकसान दुप्पट होते, कारण शंभर टक्के दिलासा झाडाच्या किमतीवरही मिळतो. अर्ज केले, फेरमोजणी मागितली. पाच झाडे वाढली, पाइपलाइन नाही ती नाहीच.

पण हे पत्र मी माझ्या झाडांसाठी लिहीत नाही. १९९१-९२ सालची गोष्ट आहे. एका पाझर तलावाच्या मोबदल्याचे वाटप शाळेच्या वर्गात चालले होते. मी पावत्यांवर तिकीट लावून अंगठे घेत होतो. नऊवारीतल्या एक आजी आल्या. रक्कम वाचून दाखवली तर म्हणाल्या, "एवढंच का रं लेकरा?" मी म्हणालो, "सरकारी दर आहे आजी." त्यांनी अंगठा दिला, जाताना टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ले.

त्यांच्या मागे रांगेत एक शिक्षक होते. त्यांनी पावतीवर पेनाने दोन शब्द लिहिले, "हरकतीसह स्वीकारली", आणि मग सही केली. ऑफिसात आम्ही त्याला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणत असू. ते दोन शब्द नसतील तर वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण कोर्टाकडे पाठवा असा अर्ज करण्याचा हक्क जात असे. मला हे पाठ होते. सांगायचे नाही, असा कोणाचा हुकूमही नव्हता. फक्त सांगायची पद्धत नव्हती. आजींचा अर्ज पुढे आमच्याच शाखेने याच कारणावरून परत केला. त्या पत्राचे टायपिंग मी केले.

शिक्षकांना अनेक वर्षांनी कोर्टाकडून वाढ मिळाली. शेजाऱ्याला वाढ मिळाली की कलम २८-अ खाली बाकीच्यांनाही मागता येत असे, पण निकालापासून तीन महिन्यांत. तोवर आजी गेल्या होत्या. मुलगा मुंबईला, त्याला कळले तेव्हा तीन महिने उलटून गेले होते.

कायदा बदलला, पण हरकतीचे ते कलम जिवंत आहे. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७७ मध्ये तीच अट आहे. हरकत न नोंदवता रक्कम घेतली, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खाली अर्ज करता येत नाही. २८-अ च्या जागी कलम ७३ आले, तिथेही मुदत तीन महिन्यांची. आता पैसे थेट बँकेत येतात, पण पावती, बंधपत्र, संमतिपत्र यांवर सह्या कराव्याच लागतात. थेट खरेदीत, म्हणजे संपादनाऐवजी स्वतःहून सरकारला जमीन विकली तर, २५ टक्के जादा मिळतात खरे. पण ते खरेदीखत आहे. त्यावर सही केली की भावाची तक्रार संपली, हे ऑफिसात कोणी आपणहून सांगत नाही. सहीआधी स्वतःहून विचारावे लागते.

पुरंदरचे संपादन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली चालले आहे. त्याची कलमे आणि मुदती वेगळ्या, ज्याने त्याने वकिलाला दाखवावे. २०१६ ला जागा जाहीर झाली, मध्ये दुसरीकडे नेण्याचे घाटले, पुन्हा तिथेच आले. २८३२ हेक्टरचे क्षेत्र घटून १२८५ च्या घरात आले. मे २०२५ मध्ये ड्रोन मोजणीच्या वेळी लाठ्याही चालल्या. एवढ्या वर्षांत आक्काने अंजिराची एकही नवी काडी लावली नाही. जायचेच असेल तर कशाला, आणि राहायचे असेल तर झाडे म्हातारी होत चालली. हे नुकसान कोणत्या रकान्यात भरायचे ते मला अजून सापडलेले नाही. आमच्या पत्रलेखक बंधूंना सापडले तर त्यांनी कळवावे.

मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९७८ साली, मूलभूत हक्कांतून काढला. कलम ३००-अ उरले. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढेच ते म्हणते. ठीक आहे. रस्ते लागतात, धरणे लागतात, त्यांचा मीही लाभ घेतो. पण कायद्याने घेणार असाल तर कायदा वाचून दाखवा. माझी मागणी साधी आहे आणि तिला एक पैसा खर्च नाही. संयुक्त मोजणीच्या कागदाची प्रत त्याच दिवशी बांधावर द्यावी. आणि मोबदल्याच्या प्रत्येक पावतीवर दोन चौकटी छापाव्यात, 'हरकतीसह' आणि 'हरकतीशिवाय', खाली मराठीत एक ओळ की दुसऱ्या चौकटीत खूण केली तर काय गमावाल. ज्या खात्याने मला पेन्शन दिली ते हे करणार नाही असे मला वाटते, पण तसे वाटले तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तोवर मी सासवडला 'हरकतीसह स्वीकारली' असा रबरी शिक्का करून घेतला आहे. आक्काला लिहिता येत नाही. शिक्का आणि शाईचा पॅड तिच्या पानाच्या डब्यात ठेवून आलो.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, पुणे जिल्हा
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)