काकांची सायकल रंगवायला टाकू नकोस

बर्मिंगहॅम,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकांची हर्क्युलस सायकल सँडब्लास्टिंग करून (म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवून) पावडर कोटिंगला, म्हणजे भुकटीचा रंग भाजून बसवायला द्यायची म्हणतोस, तर जरा थांब. हे पत्र वाच आणि मग ठरव. आमच्या गॅरेजमध्ये सध्या एक जुनी टँडेम आहे, दोघांनी मिळून चालवायची सायकल. तिचं काम करताना जे हाती लागलं, ते तुझ्या सायकलीलाही लागू आहे.

टँडेम इथल्याच एका घराच्या मागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून होती. बनवणाऱ्याचं नाव कुठे नाही, हेडबॅज (पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला) गेलेला, स्टिकर पुसलेले. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) मात्र गिअरचे हब बनवणाऱ्या स्टर्मी-आर्चरचं नाव, ‘एडब्ल्यू’ हे त्यांच्या तीन गिअरच्या हबचं नाव आणि ५२ व ४ असे आकडे कोरलेले आहेत, म्हणजे हब एप्रिल १९५२चा. हब नंतर बदललेला असू शकतो, म्हणून सायकलही तेव्हाचीच असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, पण फ्रेमची घडण त्याच काळातली वाटते. तीस ते पन्नासच्या दशकांत इथली जोडपी अशा सायकली घेऊन शनिवार-रविवार गावोगाव हिंडायची. मूल झालं की बाजूला साइडकार जोडून त्यालाही न्यायची! पुढे स्वस्तातल्या मोटारी आल्या आणि टँडेम शेडमध्ये गेल्या.

मीही आधी रंग उतरवायचाच विचार करत होतो. बायको म्हणाली, आधी धुऊन तर बघू. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. काळ्या थराखालून गर्द लाल रंग निघाला आणि त्यावर सोनेरी रेघा. त्या रेघा हाताने ओढलेल्या आहेत. कुठे जाड, कुठे बारीक, आणि ब्रश उचलला ती जागासुद्धा दिसते. पुढच्या दांडीवर एका ठिकाणी रंग पार लोखंडापर्यंत झिजलाय, आणि दोन्ही बाजूंना क्लँपच्या खुणा आहेत. तिथे लहान मुलाची सीट असणार. अरे, काकांच्या दांडीवर तुझी सीट होती ना, लाल रेक्झिनची? तिच्याही खुणा अजून असतील. सँडब्लास्टिंगमध्ये त्या तर जातीलच, फ्रेम नंबरही बोथट होईल, आणि वर पावडरचा जाड थर बसला की लगची (नळ्यांच्या सांध्यावरच्या बाहीची) नक्षीदार कड बुजेल. नवा रंग कधीही देता येतो, जुना परत आणता येत नाही. त्यामुळे आम्ही गंजलेल्या जागा तेवढ्या बारीक स्टील वूलने अलगद घासल्या आणि सगळीकडे मेण लावलं. सायकल नवीकोरी दिसत नाही, आणि ती तशी दिसावी असं मला वाटतही नाही.

मन लावायचं ते आतल्या कामात. तिथे कसलीही तडजोड नको. कप, कोन (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात त्या वाट्या आणि शंकू) आणि छर्रे रॉकेलमध्ये धुऊन तपास. कोनवर खड्डे असतील तर तो बदल. छर्रे मात्र सरसकट नवे घाल, ते स्वस्त असतात. पॅडलच्या धुरीच्या उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात हे दुकानातल्या पोऱ्याला आधीच सांग, नाहीतर तो जोर लावून कप फोडेल. कॉटर पिन (पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, धुरीवर घट्ट धरणारी खीळ) काढताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा भक्कम आधार दे, म्हणजे हातोड्याचा घाव बेअरिंगवर जात नाही. आणि नट पिनेवर थोडा फिरवून ठेव म्हणजे आटे वाचतात. बसवताना दोन्ही पिनांच्या चपट्या बाजू एकमेकींच्या उलट दिशेला हव्यात, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. जुनी पिन धड असेल तर तीच वापर. हल्ली मिळणाऱ्या बऱ्याचशा मऊ निघतात.

टँडेमला हे सगळं दुप्पट. शिवाय दोघांची पॅडल जोडणारी एक वेगळी चेन डाव्या बाजूला असते. ती ताणायला मागचं चाक सरकवून उपयोग नाही, कारण ती चाकापर्यंत जातच नाही. म्हणून पुढच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (पॅडलची धुरी बसते त्या जागेत) अॅक्सलचं भोक मुद्दाम मध्यापासून बाजूला काढलेली नळी असते. ती फिरवली की अॅक्सल पुढे-मागे होतो आणि चेन ताणली जाते. किती साधी युक्ती! ती नळी गंजून घट्ट बसली होती. रोज थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडत राहिलो, आणि एका संध्याकाळी ती हलली तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो. डाव्या क्रँकचा शोध त्याहून लांबला. त्याला चेनव्हील हवं आणि पॅडलसाठी आटे डावेच हवेत. उजवा क्रँक उलटा करून चालत नाही.

हबमध्ये ग्रीस भरायचं नसतं, पातळ तेल सोडायचं असतं. आतलं जुनं तेल सुकून चिकट झालं होतं, ते धुतल्यावर तिन्ही गिअर नीट पडू लागले. चाकं बायकोने विणली, मागचं ४० तारांचं. आउटही (चाकाचा डुगडुगेपणा) तिनेच काढला, मला तेवढा धीर नाही. ब्रेकचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोघांचं वजन आणि उतार, रिमब्रेकवर भिस्त ठेवायची माझी तयारी नाही. मागे ड्रम ब्रेकचा हब मिळेपर्यंत आम्ही इथल्या रे नदीकाठच्या सपाट रस्त्यावरच चालवतो. मागे बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून खड्डा, वळण, थांबणं, सगळं मोठ्याने सांगावं लागतं. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी इतकं कधी बोललो नव्हतो, असं ती म्हणते.

आता तुझं काम. हर्क्युलस मुळात या गावची, १९१०मध्ये इथे अॅस्टनला सुरू झालेली कंपनी. मद्रासला टी. आय. सायकल्सने ती १९५१पासून बनवायला घेतली. काकांची नेमकी कुठली ते मला बघायचंय. सीटखालच्या नळीजवळ आणि बॉटम ब्रॅकेटखाली नंबर शोध, हेडबॅजवर काय लिहिलंय ते वाच, आणि उजेडात फोटो काढून पाठव. कॉटर पिनेची जाडीही मोजून कळव, इथल्या जुन्या बाजारात मिळाल्या तर चार घेऊन ठेवतो. आणि त्या कोटिंगवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांग.

काकूंना नमस्कार. वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझाच,
बर्मिंगहॅमवाला