नानाच्या भट्टीचं लाल बटण

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुऱ्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. प्रकृती बरी, शुगर आहे तिथेच आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

विषय नाना. त्याच्या मकरपुऱ्याच्या शेडमधल्या पावडर कोटिंगच्या (मालावर पावडरचा रंग भाजून बसवायच्या) भट्टीत एका बाजूचा पांढरा माल पिवळा पडत होता आणि दुसऱ्या बाजूचा कच्चा राहत होता. "कंट्रोलर बघून जा" म्हणाला. पॅनल उघडलं, तर हाय-लिमिट स्विचच्या, म्हणजे उष्णता हद्दीबाहेर गेली की बर्नर बंद पाडणाऱ्या स्विचच्या, दोन टोकांत लाल वायरचा बोटभर तुकडा, वर काळी टेप. डायरेक्ट! म्हणजे स्विचला वगळून जोडणी. नानाच्या चिरंजीवांचा उद्योग. भट्टी सारखी ट्रिप व्हायची, दिवाळीची ऑर्डर अडत होती, म्हणून. आणि नाना काय म्हणावा? "चालशे ने यार, कंट्रोलर आहे ना."

अरे, कंट्रोलरचा सेन्सर मालाजवळ आणि लिमिटचा बल्ब, म्हणजे त्याचं उष्णता जोखणारं टोक, बर्नरच्या तोंडाशी. ब्लोअरने हवा ढकलली नाही की मालाकडे दोनशे अंश होतच नाहीत, कंट्रोलर बर्नर चालू ठेवतो आणि इकडे तोंडाशी उष्णता साचत जाते. ते फक्त लिमिटला कळतं. त्यालाच यांनी झोपवलं.

मेन बंद केला, गॅसचा कॉक फिरवला, जुना स्विच काढला. काँटॅक्ट काळे पडले होते. त्याच रेंजचा, तेवढ्याच लांबीच्या कॅपिलरीचा नवा आणला. ती नळी कुठे दुमडू नये म्हणून बसवताना श्वास धरला होता. भट्टी चालू केली आणि नवाही ट्रिप! नाना खूश: "फॉल्टी आणलास." नंतर ब्लोअरचं कव्हर उघडलं. पट्टा इतका सैल, की मोटर फिरत होती आणि पंखा आळस देत होता. पट्टा बदलला, तेव्हा भट्टी सरळ झाली. नानासमोर डायल मुद्दाम खाली आणून बर्नर बंद पडतो ते दाखवलं, मग डायल जागेवर, आणि थंड झाल्यावर स्विच पुन्हा चालू करायचं लाल बटण दाबलं. त्याने तोंडभर कौतुक करावं ना? बिल बघून म्हणाला, "मैत्रीत बिल?" तेव्हापासून अबोला.

अबोल्याचं मला काही नाही, त्याची सवय आहे आपल्याला. पण वायरचा तुकडा मी खिशात घालून आणला, म्हणून काय झालं? तिथे वायरचं भेंडोळंच पडलंय. पुन्हा ट्रिप झाली की पोरगा पट्टा बघणार नाही, पुन्हा डायरेक्ट करेल. भट्टीसमोर ती बिहारी पोरं उभी असतात रे, रात्रपाळीला. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधली ती दुपार आणि नानाच्या जळालेल्या भुवया तुला सांगायला नकोत. (आणि कॉक मी उघडा ठेवला नव्हता. शेवटचं सांगतोय.) तेव्हा सरांसमोर याने किती शपथा घेतल्या होत्या!

माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकतो. आपल्या चौकडीत तू एकटाच त्याचे पैसे देणं लागत नाहीस.

मुक्ताची ॲडमिशन झाली म्हणे, छान झालं. वहिनींचा गुडघा? घराचा हप्ता बसला का नीट?

नानाला रविवारी दुपारी फोन कर, जेवण झाल्यावर. आधी पोराचं कौतुक कर, मग विषय काढ. मी लिहिलंय हे मात्र सांगू नकोस, नाहीतर बिल कायमचं बुडेल.

तुझा,
बंड्या