रिफ्लेक्टर आहेत, पण उसाआड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या वाळवा तालुक्यात रात्रभर ऊसवाहतूक चालते. हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याचे कार्यक्रम होतात, पेपरात फोटो येतात. चांगलेच आहे. पण फडातून भरून निघालेल्या ट्रॉलीमागे एकदा उभे राहून बघा. मोळ्यांची टोके ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याबाहेर हातभर आलेली, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) लोंबणारे, आणि रिफ्लेक्टर त्याखाली गडप. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील, तर मागचीला दिवा असलाच तर नशीब. गाण्याचे बॉक्स मात्र सगळ्यांकडे.

गेल्या हंगामात माझा पुतण्या अशाच बंद पडलेल्या ट्रॉलीवर दुचाकीसह आदळला. पायावर निभावले. तो रस्त्यात पडलेला असताना दोन गाड्या न थांबता गेल्या. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे संरक्षण आले आहे. निदान १०८ला फोन तरी करायचा!

त्यानंतर आमच्या मंडळाच्या पोरांनी खताच्या रिकाम्या पोत्यांवर लाल रिफ्लेक्टर पट्ट्या शिवल्या, कोपऱ्यांना दोऱ्या लावल्या. ट्रॉली भरून झाली की ऊसतोड टोळीतल्या माणसाने ते पोते मागे उसावरच बांधायचे आणि कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकण्याआधी ड्रायव्हरने सोडून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात दोन-चार पोती उसाबरोबर गव्हाणीत गेलीच! पण आता टोळ्यांचे मुकादम स्वतः मागून नेतात.

तरीही गावाच्या हद्दीबाहेर आमचे कोण ऐकणार? तिथे कारखान्यांनी हात दिला पाहिजे. चिटबॉयने, म्हणजे फडावर ट्रॉलीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, पोते बांधलेले बघूनच चिठ्ठी द्यावी आणि कारखान्यावर विनापोत्याची ट्रॉली आली, तर तिचा नंबर रांगेत शेवटी टाकावा. दंड भरून वाहतूकदार मोकळा होतो. खेप बुडाली की त्याला कळते.

राहिले ते दगड. पंक्चर काढताना चाकाला लावलेली उटी, म्हणजे अडणीचा दगड, ट्रॉली निघाल्यावर रस्त्यातच पडून राहते, अंधारात दुचाकीवाला त्यावर जातो. ही उटी उचलायचे काम सध्या पहाटे दूध घालायला जाणारे आमचे दोन शेजारी करतात.

– एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली