गाडीची गळती शोधून देणाऱ्या चाचांना

चाचा,

सलाम. हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवणार आहे, तसं त्यानं कबूल केलंय. तरी ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांनी झोपायच्या सोयीच्या कॅम्पर गाड्या घेतल्या किंवा बांधून घेतल्या, त्यांच्यापैकी निम्मे लोक पावसाळ्यात बादली आणि फडकं घेऊन बसलेले असतात. सोलापुरात या कामाची जाण असलेला माणूस आहे, हे त्यांना कळायला हवं. तुमचं नाव-पत्ता देऊ नका म्हणालात, म्हणून देत नाही.

आमची गाडी तुम्हाला पाठ आहे. वाचणाऱ्यांसाठी सांगते. चासीवर लोखंडी चौकोनी पाइपांची फ्रेम, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड. मागे पलंग, मध्ये ओटा आणि बेसिन, कडेला संडास, टपावर सोलर पॅनेल आणि हवेसाठी एक झडप. गाडी घेतली ती आईसाठी. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, आणि वाटेत संडास कुठं मिळेल या धास्तीनं तिनं प्रवासच सोडला होता. अक्कलकोट आपल्यापासून ४० किलोमीटरच्या आत आणि तुळजापूर ४५, तरी ती उंबरा ओलांडेना. गाडी आली आणि ती पुन्हा हिंडू लागली. पंढरपूरला वाळवंटाच्या बाजूला गाडी लावून तिनं खिडकीतून कळसाला हात जोडले तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

मग पलंगाच्या पायथ्याशी ओल धरली. आधी सनमायकाची कड उचलली, मग प्लाय फुगला, मग गादी उचलल्यावर खाली काळी बुरशी. वास असा कुबट की दार उघडताच आईला खोकल्याची उबळ यायची. तिला दमा आहे. गाडी दारात उभी आणि ती परत घरात, असं झालं.

तुमच्याकडे येण्याआधी गाडी जिथं जिथं नेली, तिथं एकच इलाज झाला. टपावर चढायचं, सिलिकॉनची ट्यूब रिकामी करायची, पैसे घ्यायचे. जूनचा भुरभुर पाऊस त्यानं तरून जायचा. पण सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात येतो, आणि तो आला की पलंगाचा पायथा पुन्हा ओला.

तुम्ही टपावर चढलाच नाहीत. शेडच्या दारात खुर्ची टाकून तुम्ही आधी विचारत बसलात. पाऊस नसताना ओल वाढते का? टाकी भरलेली असताना वाढते की रिकामी असतानाही? खिडक्या बंद करून झोपता तेव्हा सकाळी काचा आतून ओल्या असतात का? आणि नळ सगळे बंद असताना पंप मधूनच टर्र करतो का?

या शेवटच्या प्रश्नावर मी आणि यांनी एकमेकांकडे पाहिलं. पंप वाजायचा, रोज रात्री वाजायचा, आणि कुणी आम्हाला त्याबद्दल विचारलंच नव्हतं. तुम्ही समजावलंत की १२ व्होल्टचा तो पंप नळ उघडल्यावर दाब उतरला की सुरू होतो आणि दाब भरला की थांबतो. नळाला कुणी हात न लावता तो वाजत असेल तर एक तर पंपाचाच व्हॉल्व्ह मागं पाणी सोडतोय, नाहीतर कुठंतरी जोडातून पाणी सुटतंय. पावसाचं पाणी, टाकीचं पाणी आणि माणसांच्या श्वासाची, गॅसच्या शेगडीची वाफ, अशी तीन पाणी असतात गाडीत, आधी ती वेगळी करायची, हे तुम्ही मला त्या खुर्चीत बसूनच शिकवलंत.

मग वर्तमानपत्राच्या कोरड्या घड्या करून तुम्ही पाण्याच्या वाटेवरच्या प्रत्येक जोडाखाली ठेवल्यात आणि पंप चालू ठेवून चहा मागवलात. चहा पिऊन होईपर्यंत, पंपातून पाणी नळांकडे जातं त्या बाजूच्या गाळणीच्या वाटीखालच्या कागदावर रुपयाएवढा डाग उठला होता. बाकी सगळे कागद खडखडीत. वाटीचा रबरी वायसर चिरला होता. तिथून थेंब थेंब पडायचा, फरशीच्या प्लायखालून सरकत मागे जायचा आणि पलंगापाशी थांबायचा. वायसर किती रुपयांचा होता ते मी इथं लिहीत नाही, ज्यांनी सिलिकॉनचे पैसे मोजलेत त्यांना वाईट वाटेल.

दुसरा कुणी इथंच थांबला असता. तुम्ही म्हणालात, "ताई, हे बारमाही पाणी झालं. पावसाचं अजून सापडलं नाही."

ते कसं शोधलंत, हे मी जिथं जाईन तिथं सांगते. सगळ्या खिडक्या लावून, झडप बंद करून, बेसिनच्या आणि संडासाच्या भोकांना चिकटपट्टी मारून, एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून भट्टीला लावतात तो ब्लोअर आत सोडलात. गाडीत हवा थोडी कोंडली. मग नातवानं साबणाचं पाणी ब्रशनं सांध्यांवर फिरवलं. आतली हवा जिथून सुटेल, तिथूनच बाहेरचं पाणी शिरणार. सोलर पॅनेलचे पाय, ज्यांच्यावर सगळ्यांनी सिलिकॉनचे थर चढवले होते, तिथं काही झालं नाही. झडपेच्या कडेला एका कोपऱ्यात बारीक फेस आला. आणि पुढच्या बाजूला, अगदी कपाळावर, पिवळ्या मार्कर दिव्याच्या खालून बुडबुडे निघाले. एक फुगायचा, फुटायचा, त्याच जागी दुसरा. मी शिडीवर चढून ते जवळून पाहिले. दिव्याच्या तळाची रबरी चकती उन्हानं पापडासारखी कडक होऊन तडकली होती आणि वायर जाण्यासाठी पत्र्याला पाडलेलं भोक उघडं पडलं होतं.

दिवा गाडीच्या पुढच्या टोकाला आणि ओल मागच्या टोकाला. माझा विश्वास बसेना. तेव्हा तुम्ही आतल्या छताची पट्टी उतरवून दाखवलीत. दिव्यापासून निघालेला तपकिरी ओघळ लांबलचक पाइपाच्या कडेनं मागपर्यंत गेला होता, आणि वाटेतला प्रत्येक स्क्रू गंजला होता. आमच्या गल्लीला उतार आहे आणि गाडी नेहमी मागचा भाग उताराला करून उभी असते. पाणी त्या उतारानं निवांत मागे जायचं. "दिसतंय तिथं पाणी शिरत नसतंय. वरच्या अंगाला बघत जायचं," हे तुमचं वाक्य आता आमच्या घरात सगळे म्हणतात.

खिडकीचं तर मला आजही वाईट वाटतं. सरकत्या काचेच्या चौकटीला तळाशी बाहेरून बारीक भोकं असतात. खाचेत साचणारं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून कारखान्यातच ठेवलेली असतात ती. आधीच्या कुणीतरी ती भोकंसुद्धा सिलिकॉननं लिंपली होती. मग पाऊस पडला की खाच भरायची आणि पाणी आतल्या बाजूनं सांडायचं. तुम्ही सुई घालून ती भोकं मोकळी केलीत, मगभर पाणी खाचेत ओतलंत, आणि ते सरळ रस्त्यावर पडलं.

सोलापुरात टपाचे सांधे इतक्या लवकर का सुटतात, हे तुम्ही तळहात पत्र्यावर टेकवून आणि लगेच उचलून दाखवलंत. मी नंतर हिशोब करून बघितला. रात्रीच्या गारव्यापासून भर दुपारपर्यंत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर ६ मीटर लांब ॲल्युमिनियम साधारण साडेपाच मिलिमीटर वाढतं आणि तेवढंच लांब लोखंड तीनच्या आसपास. वरचा पत्रा आणि खालची फ्रेम रोज एकमेकांना ओढतात. त्या सांध्यात कडक होणारं काहीही भरलं की ते चिरणारच. हे गणित तुम्ही कधी कागदावर मांडलं नसेल, पण ट्रॅव्हल्सच्या बसच्या बॉड्या बांधण्यात तुमचं आयुष्य गेलंय, तुमच्या हाताला ते माहीत आहे.

सगळ्यात किचकट काम जुनं सिलिकॉन काढायचं होतं. सिलिकॉनवर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही, म्हणून त्याचा शेवटचा पापुद्रा निघेपर्यंत तुम्ही आणि नातू प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडत राहिलात. लोखंडी पटाशी त्याच्या हातातून तुम्ही काढून घेतलीत, पत्र्याला ओरखडा पडेल म्हणून. मग थिनरनं पुसणं, दिव्याखाली आणि झडपेखाली बुटाइलची, म्हणजे मऊ राहणाऱ्या चिकट रबराची टेप, स्क्रू हळूहळू चारी बाजूंनी सारखे आवळणं, कडेला पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ. ती रेघ बोटानं ओढताना तुम्ही श्वास रोखून धरला होता.

आणि पडताळणी. नळी घेऊन खालून वर, आधी खिडकीची तळकड, मग बाजू, मग टप, एका वेळी एकच जागा, आत मी टॉर्च घेऊन. धुलाई सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याला तुम्ही साफ नकार दिलात, कारण त्या दाबानं धड सांध्यातूनही पाणी आत घुसतं आणि नसलेली गळती दिसते. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं असं पाणी ओतताना तुमचा जीव तुटत होता. खाली टब लावून ते पाणी तुम्ही पुन्हा ड्रममध्ये भरून घेत होतात, हे मी पाहिलंय.

आईला नवरात्रात तुळजापूरला न्यायचं होतं. तुम्ही आतला प्लाय बंद करायला नाही म्हणालात. ओलं लाकूड झाकलं तर आत कुजत राहतं. टोच्या टेकवून तुम्ही मला दाखवलंत, चांगल्या प्लायमध्ये तो अडतो आणि कुजलेल्यात लोण्यात जावा तसा जातो. तेवढा भाग कापून टाकलात आणि उरलेल्याला ऑक्टोबरचं ऊन-वारा खाऊ दिलंत. यांनी ओलावा मोजायचं छोटं मीटर आणलं होतं. लाकडात २० टक्क्यांच्या वर पाणी असलं की बुरशीला रान मोकळं. ज्या दिवशी मीटर १५च्या खाली आलं, त्याच दिवशी तुमचा टोच्याही "आता लावा" म्हणाला. नवरात्र हुकलं. आईला कोजागरी झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर नेलं. रस्ताभर ती गाडीत झोपली, खोकल्याशिवाय.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. तुम्ही दिलेल्या बिलात वायसर होता, टेप होती, सीलंट होतं, प्लाय होता, मजुरी होती. शोधण्याचं काहीच नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, बघायचे कसले पैसे? चाचा, पैसे बघण्याचेच असतात. टेप कुठल्याही दुकानात मिळते. पंपाचा आवाज विचारणारा माणूस मिळत नाही. डॉक्टर तपासण्याची फी घेतात आणि आपण ती मुकाट देतो, मग हातानं काम करणाऱ्या माणसाची नजर फुकट का? ज्यांच्या गाड्या गळतात त्यांना माझं सांगणं आहे, कारागिराकडे जाल तर शोधण्याची मजुरी वेगळी ठरवा आणि ती आधी द्या. घाईनं ट्यूब रिकामी करणारे आहेत, कारण आपण फक्त ट्यूबचे पैसे देतो.

यांच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी तुमच्याकडे यायचं म्हटलंय, एक लातूरचं आणि एक विजापूरचं. त्यांना मी सांगितलंय की गाडी दिवसभर ठेवावी लागेल आणि टाकी भरून आणा. नातवाला ब्लोअरचं काम स्वतंत्रपणे करू द्या, त्याचं लक्ष चांगलं आहे.

मागच्या दिव्यांच्या चकत्या अजून जुन्याच आहेत, तुम्ही म्हणाला होतात की पुढच्या पावसाआधी बदलू. मे संपायच्या आत गाडी आणते. आईनं शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, ती घेऊन तीही येणार म्हणते.

तुमची,
पिवळ्या दिव्याच्या गाडीवाली ताई
सोलापूर