फिल्टरच्या माणसाकडून अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या ठिबकच्या दुकानात समोर येऊन काही बोलायला गेलो की तुम्ही "बरं बरं, आधी गाडीत लॅटरल नळ्यांची बंडलं टाक" म्हणून विषय मिटवता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही. तासगावच्या पेठेत ओळखणारे ओळखतीलच.

एमपीएससीची तयारी सोडून मी पुण्याहून सामान घेऊन परत आलो तेव्हा घरी-दारी सगळ्यांनी एकच हिशेब मांडला होता: खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत देता येते की राज्यसेवा, मग आत्ताच का सोडतोस? क्लासच्या सरांचा फोन आला, "यंदा नको सोडूस, अगदी काठावर आहेस." काठावर असल्याचं ते प्रत्येकालाच सांगतात, फी मात्र पुरती घेतात. पूर्वपरीक्षा निघाली तेव्हा ज्या पाहुण्यांनी चौकात माझा फ्लेक्स लावला होता, तेच लग्नाच्या पंगतीत बाजूला बसून विचारायचे, "एवढी वर्षं नक्की केलंस काय रे?" आणि वर सल्ला, झालं गेलं विसरून जा! विसरू कसं, तुम्ही दर जेवणाला वाढताय तर? एका कंपनीत मुलाखतीला गेलो, तिथल्या साहेबांनी बायोडेटातल्या रिकाम्या वर्षांवर बोट ठेवलं आणि ते बोट शेवटपर्यंत हललं नाही.

मला तरी दुसरं काय बोलता येत होतं म्हणा. कुणी भेटलं की ११ मार्च २०२१ सुरू व्हायचं. १४ तारखेची पूर्वपरीक्षा, आणि तीन दिवस आधी ती पुढं ढकलल्याची बातमी. मग पोरं पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरली, त्यात मीही होतो. कोविडमध्ये ती परीक्षा आधीच कितीदा तरी पुढं गेली होती. राग खरा होता, आजही आहे. पण मी तोच रस्ता घेऊन गावभर फिरत होतो.

तुमच्याकडं कामाला लागलो ते वडिलांच्या ओळखीनं. ठिबकचं अनुदान मला तोंडपाठ होतं: अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, बाकीच्यांना ४५, राज्याची भर धरून ८० आणि ७५. पण नळ्या जोडायच्या सुट्या भागांतला ग्रोमेट कुठला आणि टेकअप कुठला, हे कळत नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. थेंब थेंब पाणी सोडणारा ड्रिपर हातात देऊन म्हणालात, "ह्ये उघडून बघ." आत पांढऱ्या क्षाराचा थर बसलेला.

आणि मग तो दिवस. ऑक्टोबर छाटणीचा हंगाम, दुकानात ही गर्दी. सावळजचे एक बागायतदार माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "ह्यो त्योच न्हवं, साहेब व्हायला गेलेला?" सगळी माना वळवून बघायला लागली. मी नेहमीचं उत्तर जुळवत होतो, मेन्सपर्यंत गेलो होतो वगैरे. तुम्ही बिलबुकातून मान वर केली नाहीत. "ह्यो आमचा फिल्टरचा माणूस हाय. उद्या तुमच्या बागंत ह्योच येणार. स्क्रीन काढून ठेवा." एवढं बोलून पुढच्या गिऱ्हाइकाला नळीच्या टोकाला लावायच्या एंड कॅप मोजून द्यायला लागलात.

अण्णा, तोवर मी एकही फिल्टर एकट्यानं खोललेला नव्हता. तुम्हालाही ते ठाऊक होतं. त्या रात्री मी व्हिडिओ बघत बसलो, दुकानातल्या जुन्या मिस्त्रींना फोन करून डोकं खाल्लं. सकाळी बागेत गेलो तर त्या बागायतदारांनी खरंच स्क्रीन, म्हणजे फिल्टरची जाळी, काढून बादलीत भिजत घातली होती. माझ्या परीक्षेबद्दल एक शब्द नाही. विचारलं काय, तर "ॲसिड किती लागंल?" कितीतरी काळानं कुणीतरी मला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्यांना खरोखर हवं होतं.

आता नळ्या-ड्रिपरमधला क्षार काढायची ॲसिड ट्रीटमेंट मी नव्या पोरांना शिकवतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही, हातमोजे, चष्मा, ॲसिडचं पाणी चोवीस तास नळ्यांत ठेवायचं आणि मग सगळ्या एंड कॅप उघडून फ्लश. पहिलं गढूळ पाणी जाऊ द्यायचं, घाई करायची नाही.

पुण्यात नवी पेठेतल्या मेसच्या काकूही अशाच. परीक्षा लांबली की पैशाचं नाव न काढता ताटात भाकरी वाढायच्या. सभांमधून प्रेरणा वाटत फिरणाऱ्यांपेक्षा या दोन माणसांनी मला जास्त उभं केलं, हे लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही. अशी माणसं स्वतःला काही विशेष समजत नाहीत, बहुधा म्हणूनच त्यांना जमतं.

२०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. मित्र अजून फोन करतात, "तुझं लिखाण चांगलं, परत बस." मी त्यांना शुभेच्छा देतो, मनापासून देतो, आणि द्राक्षाचा दर विचारून फोन ठेवतो.

एक तक्रार मात्र आहे. मागचं उकरायचं नाही हा तुमचा नियम उधारीच्या वहीला लागू नाही. मणेराजुरीची बाकी तुम्हाला तारखेसकट आठवते, आणि वसुलीला पाठवता मला! जातो, पण द्राक्षाचे पैसे येऊ देत आधी.

तुमचा,
फिल्टरचा माणूस