अण्णामामाचे फोन आणि कलेक्टरची खुर्ची

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

दगडफूल मिळालं, तेही न्यू यॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या कालुस्त्यान या मसाल्याच्या दुकानात, हे वाचून मला मसाल्यापेक्षा त्या घराचंच जास्त अप्रूप वाटलं. 123 नंबरचं ते घर चेस्टर आर्थरचं. 20 सप्टेंबर 1881ला, रात्री दोन वाजून गेल्यावर, तिथेच त्याने अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. नेमणुका-बदल्यांच्या फायली उपसण्यात माझी नोकरी गेली, म्हणून असेल, पण हा माणूस मला जवळचा वाटतो.

आर्थर मूळचा वशिल्याचाच. न्यू यॉर्कचा सिनेटर रॉस्को कॉंकलिंग याच्या गोटातला. 1871मध्ये तो न्यू यॉर्क बंदराचा कलेक्टर, म्हणजे तिथला जकातीचा मुख्य अधिकारी झाला. देशाच्या जकातीचा मोठा वाटा त्या कस्टम हाउसात जमा व्हायचा. नोकऱ्या कॉंकलिंगच्या माणसांना आणि त्यांच्या पगारातून पक्षाला वर्गणी. 1878मध्ये अध्यक्ष हेज यांनी त्याला काढलं.

1881मध्ये गारफिल्ड अध्यक्ष झाले, आर्थर उपाध्यक्ष. गारफिल्डनी त्याच कलेक्टरच्या खुर्चीवर विल्यम रॉबर्टसन यांचं नाव पाठवलं, म्हणजे कॉंकलिंगचा हाडवैरी. सिनेटरला न विचारता त्याच्याच राज्यात नेमणूक! गारफिल्डचं म्हणणं, अध्यक्ष हा सिनेटचा नोंदणी कारकून आहे की देशाचा कारभारी, ते एकदाचं ठरू दे. कॉंकलिंगने मे महिन्यात राजीनामा फेकला. तेव्हा सिनेटर राज्याचे आमदार निवडत; न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी, तिथले आमदार आपल्याला सन्मानाने परत पाठवतील असा त्याचा हिशेब. त्यांनी पाठवलं नाही. (रुसण्याआधी समजूत काढायला कोणी येणार आहे का, ते बघावं.) आर्थर मात्र उपाध्यक्ष असूनही ऑल्बनीत कॉंकलिंगसाठी खटपट करत होता.

2 जुलैला वॉशिंग्टनच्या स्टेशनवर गितो नावाच्या माणसाने गारफिल्डवर गोळ्या झाडल्या. त्याला पॅरिसचा वाणिज्यदूत व्हायचं होतं. सप्टेंबरात गारफिल्ड गेले.

आता आर्थरच अध्यक्ष. कॉंकलिंगची अपेक्षा उघड होती: रॉबर्टसनला हलवा. ज्याच्यामुळे आपण मोठे झालो तो समोर, आणि मागणी एका सहीची. आर्थरने ती केली नाही. ज्युलिया सँड नावाची एक आजारी, अनोळखी बाई त्याला पत्रं लिहून सुधारण्याबद्दल खडसावायची. 1882मध्ये तो तिच्या घरी जाऊन भेटून आला. 1883च्या जानेवारीत त्याने सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेने भरण्याच्या पेंडल्टन कायद्यावर सही केली. सुरुवातीला जेमतेम दहावा हिस्सा नोकऱ्याच तशा भरायच्या होत्या, पण पगारातली सक्तीची वर्गणी बंद झाली.

तरी मधल्या काळात त्याने कॉंकलिंगचं नाव सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी पाठवलंच. सिनेटने मंजूरही केलं, नको म्हणाला तो कॉंकलिंगच. मला हे पटत नाही. जुनं देणं सरकारी खुर्चीतून फेडायचं कशाला?

पुण्याच्या टीमसाठी माणसं निवडायचं काम तुझ्याकडे आल्याचं कळल्यापासून अण्णामामाचे फोन सुरू झालेत. प्रसादला लावून घे म्हणतो. तुझ्या शिक्षणाला त्याने हात दिला, ते मी विसरलेले नाही; ते माझं मी बघेन. प्रसादला साइटवरून अर्ज करायला सांगितलंय. तुझ्या साहेबांना नातं आधीच कळव आणि त्याच्या मुलाखतीला तू बसू नकोस. मामा महिनाभर बोलणार नाही. गणपतीत येईल तेव्हा मी आहे.

तुझी,
आई